नाताळची भुते: गोष्टी भरपूर, सिनेमा अपुरा

लंडनच्या ईलिंग स्टुडिओने 1945 साली ‘डेड ऑफ नाइट’ हा चित्रपट काढला. चार दिग्दर्शक, पाच भयकथा आणि त्यांना एकत्र बांधणारी एक चौकटकथा, असा त्याचा घाट होता. पाचांपैकी एक कथा नाताळच्या मेजवानीत घडते. चित्रपट अमेरिकेत लागला तेव्हा लांबी कमी करण्यासाठी दोन कथा कापण्यात आल्या. त्यातली एक नेमकी ही नाताळची होती. शेवटच्या दु:स्वप्नासारख्या प्रसंगात आधीच्या सगळ्या कथांचे धागे एकमेकांत मिसळतात. तिथे अमेरिकी प्रेक्षकाला लपाछपी खेळणारी मुले दिसली, पण ती कुठून आली हे कळायला मार्ग नव्हता.

नाताळच्या अँथॉलॉजी भयपटांवरच्या, म्हणजे अशा अनेक कथा एकत्र बांधणाऱ्या भयपटांवरच्या, चर्चेत जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तो या कापाकापीत आधीच दडलेला होता. अशा चित्रपटात नाताळची कथा म्हणजे सहज काढता येणारा भाग असतो की सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो? या प्रकारातल्या काही सुट्या कथा भयपटाच्या इतिहासात मानाने बसल्या आहेत. अख्खा चित्रपट म्हणून तो मान कोणाला द्यायचा, याबद्दल मात्र अजून एकमत नाही. 2015 नंतर असे चित्रपट वाढले, त्यामुळे या प्रश्नाचा आढावा घ्यायला आता पुरेसे साहित्य जमले आहे.

शेकोटीभोवतीची परंपरा

नाताळ म्हणजे आनंद, भेटवस्तू आणि गोड गाणी. त्यात भूत कुठून आले, असे अनेकांना वाटते. इंग्लंडपुरते तरी हे खरे नाही. डिसेंबरातल्या लांब, काळोख्या रात्री शेकोटीजवळ बसून भुताच्या गोष्टी सांगणे हा तिथल्या सणाचाच भाग होता. चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ 1843 चे. त्यातला स्क्रूज कंजूष आहे हे सर्वांना आठवते, पण त्याला सुधारतात ती भुते, आणि त्यातले शेवटचे चांगलेच भयावह आहे.

अँथॉलॉजीच्या दृष्टीने डिकन्सचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. आपल्या नियतकालिकाचे नाताळ विशेषांक काढताना तो एक चौकट ठरवायचा आणि तिच्यात बसणाऱ्या कथा इतर लेखकांकडून लिहून घ्यायचा. 1859 च्या ‘द हॉन्टेड हाउस’ या अंकात काही मित्र पछाडलेल्या म्हणून बदनाम झालेल्या घरात राहायला जातात आणि सणाच्या शेवटच्या रात्री आपापली हकिकत सांगतात. विल्की कॉलिन्स आणि एलिझाबेथ गॅस्केल यांनीही त्या अंकात लिहिले होते. 1866 च्या ‘मगबी जंक्शन’ या अंकात डिकन्सची ‘द सिग्नलमन’ ही कथा आली. एक जागा, अनेक निवेदक, प्रत्येकाची वेगळी भीती: अँथॉलॉजी भयपटाचा सगळा साचा इथे तयार आहे, आणि तो नाताळच्या निमित्तानेच तयार झाला आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांवरून स्फूर्ती घेऊन, असे आपल्याकडचे अभ्यासक सांगत आले आहेत. पुढे नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा दिवाळी अंकांतून वाचत एक पिढी वाढली. सण आणि भीती यांची सांगड आपल्याकडे छापील पानावर घट्ट बसली होती.

इंग्लंडमध्ये डिकन्सनंतर हा वारसा एम. आर. जेम्स यांच्याकडे आला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या आदल्या रात्री ते मित्रांना आणि विद्यार्थ्यांना स्वत: लिहिलेली भूतकथा वाचून दाखवत. त्यांचा पहिला संग्रह 1904 मध्ये निघाला. हेन्री जेम्सची 1898 ची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही लघुकादंबरीदेखील नाताळच्या रात्री शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींपासूनच सुरू होते.

म्हणून एका गटाचे म्हणणे असे की, नाताळचा भयपट सणाची विटंबना करत नाही. तो सणाची विसरलेली बाजू परत आणतो. दुसऱ्या गटाला हा इतिहास मान्य आहे, पण आजच्या सिनेमाशी त्याचा संबंध त्याला फारसा दिसत नाही. आजचे बहुतेक नाताळ भयपट शेकोटीकडून आलेले नाहीत, अमेरिकी मॉलमधल्या सांताक्लॉजकडून आलेले आहेत, असे तो म्हणतो. दोन्ही गटांकडे पुरावे आहेत, आणि ते दोन जुन्या चित्रपटांतच सापडतात.

एक हळवी, एक निर्दय

‘डेड ऑफ नाइट’मधली नाताळकथा दिग्दर्शित केली आल्बेर्तो काव्हालकान्ती यांनी. मोठ्या जुन्या वाड्यात मुले लपण्याचा खेळ खेळत आहेत. सॅली ही किशोरवयीन मुलगी लपता लपता एका खोलीत पोहोचते. तिथे एक लहान मुलगा रडत बसलेला असतो. ती त्याची समजूत घालते, त्याला निजवते आणि खाली येते. तो मुलगा कोण होता हे तिला खाली आल्यावर कळते. मुलाचे नाव फ्रान्सिस केंट. 1860 मध्ये विल्टशायरमधल्या एका घरात याच नावाच्या जेमतेम चार वर्षांच्या मुलाचा खून झाला होता आणि 1865 मध्ये त्याच्या सावत्र बहिणीने, कॉन्स्टन्स केंटने, गुन्हा कबूल केला होता. चित्रपटाने खरे प्रकरण उचलून भूतकथेत बसवले आहे.

या कथेत कोणी दचकवत नाही. भूत मायेला आसुसलेले आहे, आणि सॅली त्याला माया देते. खाली सणाचा गलबला चालू असताना वरच्या खोलीत एक पोर एकटे आहे, यातूनच अंगावर काटा येतो. नाताळ काढून घेतला तर ही कथा उभी राहील का? कदाचित राहील, पण निम्मी होऊन. अमेरिकी वितरकाला ती वगळण्याजोगी वाटली याचे कारण तिच्या सौम्यपणात असावे. आज ती तिच्या सौम्यपणामुळेच लक्षात राहते.

दुसरी पायाभूत कथा याच्या अगदी उलट टोकाला आहे. ब्रिटनच्या अॅमिकस कंपनीने 1972 मध्ये ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ काढला. दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस मुळात ऑस्कर मिळवलेले छायाचित्रणकार होते. पाच कथांपैकी पहिल्या कथेत जोन कॉलिन्सने साकारलेली बाई नाताळच्या रात्री विम्याच्या पैशासाठी नवऱ्याचा खून करते. त्याच वेळी रेडिओवर बातमी येते की, वेड्यांच्या इस्पितळातून एक खुनी पळाला आहे. तो सांताच्या वेशात तिच्या खिडकीशी येतो. पोलिसांना बोलवावे तर घरात प्रेत आहे. वरच्या मजल्यावर तिची छोटी मुलगी सांताची वाट पाहत जागी आहे.

या कथेची बांधणी चोख आहे. संवाद मोजके आहेत, रेडिओवर नाताळची भजने चालू आहेत, आणि पांढऱ्या गालिच्यावरचे रक्त पुसताना बाईच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही, घाई आहे. नाताळ इथे नुसती सजावट नाही. सांता येणार यावर मुलांचा विश्वास असतो, आणि त्याच विश्वासामुळे दार उघडले जाते. सणाचा नियमच सापळा होतो. मूळ कथा ईसी कॉमिक्सच्या ‘व्हॉल्ट ऑफ हॉरर’च्या 1954 मधल्या अंकातली. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने भयचित्रकथांची चौकशी केली आणि त्या व्यवसायाने स्वत:वर कडक नियमावली घालून घेतली. बंद पडलेल्या मासिकाची कथा अठरा वर्षांनी ब्रिटिश पडद्यावर आली. पुढे 1989 मध्ये एचबीओने ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ याच नावाची मालिका सुरू केली तेव्हा रॉबर्ट झेमेकिस यांनी ही कथा पुन्हा चित्रित केली.

या दोन कथांत एक साम्य आहे, आणि पुढच्या सगळ्या चर्चेला ते अडसर होऊन बसते. दोन्ही चित्रपटांत नाताळची कथा एकेकच आहे. बाकीच्या कथांमध्ये मोटारी, आरसे, कबरी, बोलके बाहुले असे काहीही आहे. सणाची झळाळी आणि भीती यांचा विरोध एकदाच वापरला म्हणून तो धारदार राहिला. संपूर्ण चित्रपटच नाताळचा केला तर तो विरोध किती वेळा चालेल?

छोट्या पडद्याने काय केले

उत्तराचा एक भाग दूरचित्रवाणीकडे आहे. बीबीसीने 1971 ते 1978 दरवर्षी नाताळात एक भूतकथा दाखवली. बहुतेक भागांचे दिग्दर्शन लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांचे होते आणि बऱ्याच कथा एम. आर. जेम्स यांच्या होत्या. 1976 चा ‘द सिग्नलमन’ डिकन्सच्या कथेवरचा. वर्षाला एकच कथा असल्याने थकवा आला नाही. हा अर्थातच चित्रपट नव्हे. पण नाताळ आणि अनेक भयकथा एकत्र नांदवायच्या तर मध्ये वर्षभराचे अंतर असलेले बरे, असा एक विचार या मालिकेने पुढे ठेवला. ती बराच काळ थांबली, 2005 मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि 2013 पासून मार्क गॅटिस यांनी तिची धुरा घेतली.

गॅटिस हे या विषयातले महत्त्वाचे नाव आहे. ते ज्या विनोदी गटात होते त्या ‘द लीग ऑफ जंटलमेन’चा नाताळ विशेष भाग डिसेंबर 2000 मध्ये दाखवला गेला. अॅमिकसच्या चित्रपटांना केलेला तो मानाचा मुजरा होता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एका चिडखोर धर्मोपदेशिकेकडे तीन माणसे पाठोपाठ येतात आणि आपली हकिकत सांगतात. तिला नाताळ का नको वाटतो हे शेवटी कळते, आणि तेव्हा चौकटच चौथी कथा होते. 2008 मध्ये गॅटिस यांनीच ‘क्रुकेड हाउस’ नाताळच्या आधी तीन रात्री सादर केले. एका घराच्या तीन काळांतल्या तीन कथा.

मात्र चौकटीचा सर्वांत कसदार उपयोग चार्ली ब्रूकर यांच्या ‘ब्लॅक मिरर’ने केला. डिसेंबर 2014 मध्ये चॅनल फोरवर आलेल्या ‘व्हाइट ख्रिसमस’मध्ये बर्फाळ, एकाकी ठाण्यावर दोन माणसे नाताळचे जेवण करत बसली आहेत. जॉन हॅमचे पात्र बोलघेवडे, रेफ स्पॉलचे गप्प. गोष्टी सांगत सांगत पहिला दुसऱ्याला बोलते करतो. तीन कथा वेगळ्या भासतात, पण प्रत्येकीतले तंत्रज्ञान पुढच्या कथेत शस्त्र म्हणून वापरले जाते, आणि ते ठाणे नक्की काय आहे हे उघड झाल्यावर आधीचा सगळा गप्पांचा प्रसंग वेगळाच वाटू लागतो. वेताळपंचविशी ऐकलेल्या वाचकाला यातली खुबी लगेच कळेल: गोष्ट सांगणाऱ्याचा काहीतरी मतलब असतो, आणि ऐकणाऱ्याने तोंड उघडले की तो साधतो.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, हे विज्ञानकाल्पनिक नाट्य आहे, त्याला भयपटाच्या यादीत कशाला ओढायचे? शिवाय तो चित्रपटही नाही. दोन्ही आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत. तरीही एकाच माणसाने लिहिले आणि एकाच दिग्दर्शकाने साकारले तर अँथॉलॉजी किती एकसंध होऊ शकते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण हाती नाही.

पूर्ण लांबीचे प्रयत्न

2015 मधला कॅनडाचा ‘अ ख्रिसमस हॉरर स्टोरी’ हा या प्रकारातला सर्वाधिक चर्चिला गेलेला चित्रपट. ग्रँट हार्वे, स्टीव्हन होबन आणि ब्रेट सुलिव्हन असे तीन दिग्दर्शक. बेली डाउन्स या काल्पनिक गावात चार कथा घडतात: शाळेच्या तळघरात जुन्या खुनांचा माग काढणारे विद्यार्थी, जंगलातून झाड चोरून आणताना मुलगा बदलला गेलेले कुटुंब, क्रॅम्पस हा राक्षस मागे लागलेले घर, आणि उत्तर ध्रुवावर मृतवत झालेल्या बुटक्या मदतनिसांशी झुंजणारा सांता. विल्यम शॅटनर यांचा रेडिओ निवेदक मधूनमधून बोलत राहतो.

या चित्रपटाने एक धाडस केले. कथा एकामागून एक न सांगता त्यांची सरमिसळ केली. बाजू घेणारे म्हणतात की, त्यामुळे अँथॉलॉजीचा जुना रोग बरा झाला. कंटाळवाणी कथा आली की वीस मिनिटे सोसावी लागतात, तसे इथे होत नाही. विरोधक म्हणतात, भीती साचायला वेळ लागतो, आणि ती साचत आली की हा चित्रपट दुसऱ्या घरी निघून जातो. बदललेल्या मुलाच्या कथेत विरोधकांचे म्हणणे पटते. ती चौघींमध्ये सर्वांत अस्वस्थ करणारी आहे आणि तुकड्यांमुळे तिचेच नुकसान होते. सांताच्या कथेत मात्र सरमिसळ कामी येते. शेवटच्या काही मिनिटांत तिचा अर्थ पालटतो, आणि तो धक्का बाकीच्या कथांच्या आडोशाशिवाय लपवता आला नसता.

रेबेका आणि डेव्हिड इयन मॅकेन्ड्री या दांपत्याच्या 2018 मधल्या ‘ऑल द क्रीचर्स वेअर स्टरिंग’मध्ये दोन एकाकी माणसे नाताळच्या रात्री एका विचित्र नाट्यप्रयोगाला जातात, आणि रंगमंचावरचे प्रवेश कथा होतात. कार्यालयातल्या भेटवस्तूंच्या खेळापासून परग्रहावरच्या पाहुण्यांपर्यंत विषय आहेत. सणात एकटे पडलेल्यांकडे चित्रपट सहानुभूतीने पाहतो, ही त्याची जमेची बाजू. पण कमी खर्च जाणवतो आणि काही कथा कल्पना मांडून थांबतात.

सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग जर्मनीतून आला. ‘डेथसेंबर’ या 2019 च्या चित्रपटाने नाताळपूर्व कॅलेंडरची चौकट घेतली: चोवीस दिवस, चोवीस दारे, प्रत्येक दारामागे एक लघुपट. रुज्जेरो देओदातो आणि लकी मॅकी यांच्यासारखे नावाजलेले दिग्दर्शक आणि नवोदित शेजारी शेजारी आले. चौकट सणाच्या रिवाजातूनच उचललेली असल्याने कल्पना म्हणून तिच्याइतकी नेमकी दुसरी नाही. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक कथेला पाच-सहा मिनिटेच मिळतात. माणूस ओळखीचा होण्याआधीच मरतो. कॅलेंडरची मौज रोज एक दार उघडण्यात असते. एका बैठकीत चोवीस उघडायला लावणे त्या कल्पनेच्याच विरुद्ध जाते.

‘हॉलिडेज’ (2016) हा वेगळ्या जातीचा. त्यात वर्षभरातल्या वेगवेगळ्या सणांच्या कथा आहेत आणि नाताळ त्यातला एक. सेथ ग्रीनचे पात्र मुलाला हवे असलेले खेळणे मिळवण्यासाठी एका माणसाला मरू देते. म्हणजे 1972 च्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’चीच वाट: नाताळाची मात्रा एका कथेपुरती.

वाद कुठे आहे

जमेच्या बाजूंवर फारसे दुमत नाही. नाताळात माणसे एका घरात जमतात, म्हणून चौकट आपोआप मिळते. दिवे, गाणी, भेटी, धुराडे या खुणा प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असल्याने छोट्या कथेत ओळख करून देण्यात वेळ जात नाही. लघुपट करणाऱ्या तरुण दिग्दर्शकांना पूर्ण चित्रपटाचे दार उघडते. आणि दर डिसेंबरात लोक असे चित्रपट शोधतात, त्यामुळे बेताचा चित्रपटही वर्षानुवर्षे पाहिला जातो.

खरा वाद तीन जागी आहे. पहिला पुनरुक्तीचा. खुनी सांता ही प्रतिमा एकेकाळी समाजाला हादरवत होती. 1984 मध्ये ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’च्या जाहिरातीत कुऱ्हाडवाला सांता दिसताच पालक रस्त्यावर उतरले आणि ट्रायस्टार या वितरक कंपनीने चित्रपट मागे घेतला. चाळीस वर्षांनी, 2024 मध्ये, ‘टेरिफायर 3’मधला सांताच्या वेशातला खुनी विदूषक अमेरिकी तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर गेला. निषेधाची जागा उत्सुकतेने घेतली. धक्का संपल्यावर त्या प्रतिमेला अर्थ कुठून आणायचा, हा प्रश्न अँथॉलॉजीला जास्त सतावतो, कारण तिला तो एकाच बैठकीत चार वेळा सोडवावा लागतो.

दुसरा वाद हॅलोवीनशी तुलनेचा. मायकल डॉर्टी यांनी हॅलोवीनसाठी ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (2007) ही गुंफलेल्या कथांची अँथॉलॉजी केली, आणि ती आदर्श मानली जाते. नाताळकडे वळल्यावर त्यांनी 2015 चा ‘क्रॅम्पस’ एकाच कुटुंबाचा, एकसलग कथेचा केला. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की, हॅलोवीन गल्लीत, अनेक दारांवर घडतो म्हणून अँथॉलॉजीला सोयीचा. नाताळ बंद दाराआडचा, एका कुटुंबाचा, म्हणून सलग कथेला. निरीक्षण मार्मिक आहे, पण डिकन्सचा 1859 चा अंक त्याला छेद देतो. बंद दाराआड जमलेल्या माणसांनीच तर एकमेकांना गोष्टी सांगितल्या.

तिसरा वाद कोणाचा नाताळ, याचा. ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या डोंगराळ भागात 5 डिसेंबरच्या रात्री फिरणारा क्रॅम्पस अमेरिकी चित्रपटांनी उचलला आणि पाहता पाहता तो नेहमीचा शिंगवाला राक्षस झाला. संत निकोलसच्या सोबतीने येणारा, मुलांच्या वर्तनाचा हिशेब मागणारा मूळ क्रॅम्पस मागे पडला. फिनलंडच्या यल्मारी हेलांदर यांनी ‘रेअर एक्स्पोर्ट्स’ (2010) मध्ये स्वत:च्या भूमीतला भयानक सांता दाखवला, पण तो अँथॉलॉजी नाही. बर्फ नसलेल्या, उन्हातल्या नाताळाची भीती या प्रकारात जवळजवळ आलेलीच नाही.

या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट पुढे येते. ज्या कृतींमध्ये गोष्ट सांगणाऱ्याला सांगण्याची गरज आहे, त्या टिकल्या. ज्यांत चौकट म्हणजे दोन कथांमधली नुसती जोडपट्टी आहे, त्यांतल्या एखाद-दुसऱ्या कथेपलीकडे काही उरले नाही. पैशाची चणचण हे कारण पुढे केले जाते, पण ‘लीग ऑफ जंटलमेन’ला उपदेशिकेच्या खोलीपलीकडे जास्त खर्चाची चौकट लागली नव्हती. लेखनाला दिलेला वेळ आणि एका हातातले सूत्र यांचाच फरक जास्त पडलेला दिसतो. सिनेमागृहासाठी केलेल्या, आरंभापासून अखेरपर्यंत नाताळच्या अशा अँथॉलॉजीला तो वेळ अजून कोणी पुरेसा दिलेला नाही.

या प्रकाराशी पहिल्यांदा ओळख करून घेणाऱ्याने आधी जोन कॉलिन्सची कथा पाहावी, मग ‘व्हाइट ख्रिसमस’, आणि त्यानंतर ‘अ ख्रिसमस हॉरर स्टोरी’. ‘डेथसेंबर’ मात्र 1 डिसेंबरपासून रोज एक लघुपट असाच पाहावा.